उशिराला दंड, घाईला माफी

२०२४ साली भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी आली होती. त्या सकाळी साडेअकराच्या ठोक्याला अमेरिकन रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात आम्ही सात जण पडद्यांकडे डोळे लावून बसलो होतो. त्याच क्षणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दोन वाजायचे होते आणि दोन वाजण्याऐवजी तिथली घड्याळे पुन्हा एकवर जाणार होती. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दर वर्षी हे घडते. त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो, आणि अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेने दीड वाजता नोंदवलेला रक्तदाब पहिल्या दीडचा की दुसऱ्या दीडचा, हे संगणकाला कोणीतरी आधीच नीट समजावून ठेवलेले असावे लागते. ते ठेवलेले असेल याची खात्री नसल्यामुळे कित्येक अमेरिकन रुग्णालये तेवढ्या तासापुरती चक्क कागदावर नोंदी करतात. आपल्याकडे घड्याळ वर्षभर जागचे हलत नाही, त्यामुळे इथे वाढलेल्या अभियंत्याला ही अडचण वाचून कळते, अनुभवाने नाही.

चार-चार तासांनी द्यायच्या औषधाची पुढची वेळ काढणारा आमचा कोड त्या तासात बरोबर चालतो का, याची पुरती चाचणी झालेली नव्हती. त्यासाठी आठ दिवस मागितले होते. रिलीजची, म्हणजे नवी आवृत्ती वापरात सोडण्याची, तारीख क्लायंटला कळवून झालेली असल्यामुळे ते मिळाले नाहीत आणि त्याऐवजी ‘त्या दिवशी लक्ष ठेवा’ असे ठरले. आम्ही लक्ष ठेवले. काही झाले नाही. दुपारी दीडनंतर जो तो आपापल्या बहिणीकडे गेला. पुढे एका बैठकीत पुन्हा चाचणीसाठी वेळ मागितला गेला तेव्हा ‘मागच्या वेळी तरी कुठे काय झाले?’ असे उत्तर मिळाले.

आरोग्यक्षेत्राचे सॉफ्टवेअर करणाऱ्या, भरधाव चालणाऱ्या कंपनीत काम करणे कसे असते, असे नवखी मुले मला विचारतात तेव्हा मी त्यांना हा प्रसंग सांगतो. पगार, बढती, रात्रीचे कॉल यांविषयी त्यांना इतरांकडून कळतेच. मला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो तो कंपनीच्या आतला राहिलेला नाही. ज्याच्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो त्या कामाचा वेग कोण ठरवतो, आणि तो थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हातात असतो, हा तो प्रश्न. माझ्या समजुतीप्रमाणे आज हा अधिकार कोणाच्याच हातात नाही, आणि कंपन्यांच्या कामाच्या तासांपेक्षा ही गोष्ट जास्त काळजीची आहे. तासांचा वाद २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांच्या आठवड्याला ७० तासांच्या सूचनेपासून रंगला आणि २०२५ मध्ये ९० तासांपर्यंत पोहोचला. पण थकलेला माणूस जे लिहितो ते कोणाच्या अंगाशी येते, याची विचारपूस त्यात फारशी कोणी केली नाही.

या वेगात आनंद नसतो, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. स्प्रिंट म्हणजे दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा, स्टँड-अप म्हणजे रोजची उभ्या-उभ्याची छोटी बैठक, संध्याकाळी साडेसातला सुरू होणारे अमेरिकेचे कॉल, महिनाअखेरीचे रिलीज, आणि मध्यरात्री फोन वाजला तर उशाशीच ठेवलेला लॅपटॉप, या सगळ्याला एक चढ असतो. तिशीच्या आतल्या मुलांना इथे ज्या जबाबदाऱ्या मिळतात त्या सरकारी खात्यात पन्नाशीतही मिळत नाहीत. विम्याचा दावा का फेटाळला गेला याचा माग काढता काढता परदेशातल्या एखाद्या कर्करुग्णाची अडकलेली केमोथेरपी दोन दिवसांत सुरू झाली, असा निरोप आला की महिनाभराचे जागरण फिटल्यासारखे वाटते. मला स्वतःला तसे अनेकदा वाटले आहे.

शिवाय वेगाने जीव वाचतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. देशातले कोविड लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले ते कोविन या प्रणालीच्या आधारे, आणि ती फार थोड्या अवधीत उभी केलेली होती. त्याच वर्षी २८ एप्रिलला १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी खुली झाली तेव्हा संकेतस्थळ सुरुवातीला अडखळले, तरी पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त लोकांची नोंद झाली. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी काय करायचे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि केंद्रावर थेट येऊन लस घेण्याची सोय वाढवावी लागली. म्हणजे चुका झाल्या. पण त्या चारचौघांत झाल्या, लोकांनी त्याच दिवशी तोंडावर सांगितल्या आणि काही आठवड्यांत त्या दुरुस्त कराव्या लागल्या. मुख्य म्हणजे ती घाई महामारीने लादलेली होती. नेहमीची घाई अशी रोगाकडून येत नाही.

ती कुठून येते हे पाहायला अमेरिकेतल्या २००९ च्या कायद्याकडे जावे लागते. मंदीतून सावरण्यासाठी जो मोठा खर्च मंजूर झाला, त्यात रुग्णालयांनी आणि डॉक्टरांनी संगणकीय नोंदी स्वीकाराव्यात म्हणून अब्जावधी डॉलरची तरतूद होती. २०११ पासून स्वीकारणाऱ्याला बक्षीस आणि २०१५ पासून न स्वीकारणाऱ्याच्या सरकारी देयकांत कपात, अशी ती रचना होती. २००८ मध्ये दहातल्या एका रुग्णालयाकडेही प्राथमिक स्वरूपाची संगणकीय नोंदव्यवस्था नव्हती, ती २०१५ पर्यंत पाचातल्या चारांहून अधिक रुग्णालयांकडे आली. या लाटेतले पुष्कळ काम पुणे, बंगळूर, हैदराबाद आणि चेन्नई इथे आले, आणि हिंजवडी-खराडीतल्या अनेक घरांचे हप्ते त्यावर फिटले, माझ्याही घराचे. परंतु कामाबरोबर त्या कामाची चालही आली. बक्षिसाची तारीख सरकारने ठरवलेली, त्यावरून रुग्णालयाची ‘गो-लाइव्ह’ची, म्हणजे प्रत्यक्ष वापर सुरू करण्याची, तारीख, तिच्यावरून अमेरिकेतल्या कंपनीची, आणि तिच्यावरून आमच्या टीमची. खाली येता येता प्रत्येक पायरीवर चार दिवस कमी होत गेले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता.

अशा कामातली चूक बहुधा आवाज करत नाही, हे बाहेरच्या माणसाला पटवून देणे अवघड जाते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये पैसे अडकले तर ग्राहक पाच मिनिटांत ओरडतो. अमेरिकेच्या माजी सैनिकांसाठीच्या आरोग्यखात्याने ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन इथल्या रुग्णालयात नवी नोंदप्रणाली सुरू केली. डॉक्टरने तपासणीची किंवा तज्ज्ञांच्या भेटीची आज्ञा नोंदवली आणि ती नेमकी कुठे पाठवायची हे प्रणालीला जुळवता आले नाही, तर ती आज्ञा ‘अज्ञात’ नावाच्या एका रांगेत जाऊन पडत असे. डॉक्टरला त्याची सूचना मिळत नसे. त्याच्या दृष्टीने आज्ञा गेलेली असे आणि रुग्ण घरी फोनची वाट पाहत बसलेला असे. खात्याच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अशा ११ हजारांहून अधिक आज्ञा त्या रांगेत गेल्या होत्या आणि त्यातून १४९ रुग्णांना कमी-अधिक इजा पोहोचली होती. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने पुढच्या रुग्णालयांतली अंमलबजावणी थांबवली.

हा अहवाल वाचताना मला त्या प्रोग्रामरचा राग आला नाही, कारण तसली रांग मीही लिहिलेली आहे. आमच्या धंद्यात सगळ्या अपेक्षित शक्यता लिहून झाल्या की शेवटी एक ‘बाकीचे’ असा खण करावा लागतो, घरातल्या माळ्यासारखा. त्यात काय पडते ते नंतर बघू, असे प्रत्येक जण प्रामाणिकपणे ठरवतो. पुढच्या सोमवारी नवा स्प्रिंट सुरू होतो आणि माळ्यावर चढायचे राहून जाते. त्या खणात पडणारी प्रत्येक गोष्ट म्हणजे एक माणूस आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते असे नाही. ते पाहायला जाण्याचे काम मात्र कोणाच्याच टिकेटवर, म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या नोंदीवर, लिहिलेले नसते.

याहून जुने एक उदाहरण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासलेले असते, निदान असायला हवे. थेरॅक-२५ हे कर्करोगावरच्या किरणोपचाराचे कॅनडात बनलेले यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त किरणोत्सर्ग दिला आणि त्यातल्या काहींचा त्यामुळे मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांमधले चुकीला अटकाव करणारे विद्युत-यांत्रिक अडसर या यंत्रातून काढून ते काम सॉफ्टवेअरवर सोपवलेले होते. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी महिन्याभराच्या आत दोन अपघात झाले. पहिल्यानंतर कंपनीचे अभियंते येऊन तपासून गेले आणि त्यांना काहीही दोष सापडला नाही. दुसऱ्यानंतर रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाला शेजारी बसवून तीच प्रक्रिया पुन्हा पुन्हा करून पाहिली, तेव्हा उलगडा झाला. रोजच्या सवयीने तंत्रज्ञाचा हात इतका बसला होता की भरलेली माहिती आठ सेकंदांच्या आत सुधारून काम पुढे जात असे, आणि तेवढ्या वेगातच सॉफ्टवेअरमधला दोष जागा होत असे. अभियंते सावकाश टाइप करत होते, म्हणून त्यांना तो कधी दिसलाच नाही.

यातून बहुतेक जण कडक चाचणीचा धडा घेतात आणि तो चूक नाही. मला त्यात अंतराचा प्रश्न जास्त दिसतो. मी या क्षेत्रात अकरा वर्षे आहे. पहिल्या सहा वर्षांत मी एकदाही रुग्णालयात कामानिमित्त गेलो नव्हतो. अमेरिकन रुग्णांची खरी माहिती आम्हाला दिसत नाही, आणि ते योग्यच आहे, तिथला १९९६ चा कायदा तसा आहे. आमच्यासमोर असतात ते ‘टेस्ट पेशंट एक’, ‘टेस्ट पेशंट दोन’. त्यांना ताप येत नाही, त्यांचे नातेवाईक काउंटरवर हुज्जत घालत नाहीत आणि त्यांच्या नावाचे स्पेलिंग कधी चुकत नाही. अशा गुळगुळीत माणसांवर सगळे काही चालते.

हेच सॉफ्टवेअर भारतातल्या एका रुग्णालयासाठी बदलून द्यायचे ठरले तेव्हा मुदत मिळाली दहा आठवड्यांची. आलेला रुग्ण आधी नोंदलेला आहे का हे ओळखण्यासाठी मूळ प्रणाली नाव, आडनाव, लिंग आणि जन्मतारीख जुळवून पाहत असे. तिकडे ते बऱ्यापैकी पुरते. आपल्याकडे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत घालताना गुरुजींनी ती तशी लिहिली. एका गावात एकाच आडनावाची निम्मी घरे असतात, आणि बायकांची नावे एका पिढीत दहा-बारांच्या पलीकडे फारशी जात नाहीत. त्यामुळे एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या आणि एकाच सालच्या १ जूनला ‘जन्मलेल्या’ दोन बायका एकाच रुग्णालयात येणे हा योगायोग नव्हे, ते रोजचे काम आहे. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या एका चाचणी करणाऱ्या मुलीच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आले, कारण तिच्या दोन्ही आज्यांचा वाढदिवस १ जूनच होता. तिने टिकेट काढले. ‘अपवादात्मक स्थिती, पुढच्या टप्प्यात पाहू’ असा शेरा मारून ते मागे ठेवले गेले. पुढे त्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरच्या एका जुन्या कारकुनाने मधुमेही बाईच्या कागदांत दुसरीचेच अहवाल आलेले पाहिले आणि आरडाओरड केली, म्हणून गोष्ट तेवढ्यावर निभावली. त्या दोन आठवड्यांत आणखी किती कागद मिसळले होते ते शोधायला आम्हाला महिना लागला. ते टिकेट मागे ठेवून वाचवलेले तीन दिवस असे फेडले.

त्या मुलीला चूक दिसली होती. तिने ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या पद्धतीने सांगितली होती. रिलीज थांबवण्याचा अधिकार मात्र तिला नव्हता, तिच्या मॅनेजरला नव्हता, आणि खरे सांगायचे तर त्याच्या वरच्यालाही नव्हता, कारण करारात उशिराच्या प्रत्येक आठवड्याला दंड लिहिलेला होता. शेरा मारणारा मी होतो, हेही सांगून टाकलेले बरे.

ज्या क्षेत्रासाठी आपण सॉफ्टवेअर लिहितो त्याच क्षेत्राने या प्रश्नावर एक उत्तर काढलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी-यादी आणली. त्यात रुग्ण हाच का, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, मोजलेले बोळे परत मिळाले का, अशा अगदी साध्या बाबी आहेत. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली आणि जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी एकमेकांना आपले नाव आणि काम सांगायचे, अशीही एक अट त्या यादीत आहे. ज्याने एकदा तोंड उघडले तो दुसऱ्यांदा उघडायला कचरत नाही, आणि ‘सर, हा पाय नाही’ हे वाक्य सर्वांत कनिष्ठ परिचारिकेच्या तोंडून वेळेवर निघावे, हा त्यामागचा हिशेब. वेळ वाया जातो ही तक्रार तेव्हाही झाली होती. आमच्याकडे रिलीजच्या आधी ४० ओळींची यादी असते आणि ती शुक्रवारी रात्री एकच माणूस सगळीकडे ‘होय’ लिहून भरतो.

यावर एक आक्षेप असा येतो, आणि तो हलका नाही, की संथपणानेही माणसे मरतात. आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या गहाळ होणाऱ्या फायली, डॉक्टरच्या न वाचता येणाऱ्या अक्षरावरून अंदाजाने दिलेली औषधे, एक्स-रेचे पाकीट घेऊन तालुक्याहून शहरात हेलपाटे घालणारे म्हातारे, या सगळ्यांना चांगले सॉफ्टवेअर उद्याऐवजी आज मिळाले तर हवेच आहे. नियमांच्या कागदांखाली दबलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत, जिथे दोन ओळींची दुरुस्ती चार महिने सह्यांसाठी फिरते आणि तोवर परिचारिका चुकीच्या पडद्यावरच काम करत राहते. तेव्हा सगळे सावकाश करा, असे माझे मागणे नाही. दुरुस्ती जितकी लवकर तितकी चांगली. नवे काही रुग्णापर्यंत सोडताना मात्र कोणाला तरी ‘थांबा’ म्हणता आले पाहिजे आणि म्हटल्याबद्दल त्याचे अप्रेझल बिघडता कामा नये. हे दोन वेगवेगळे वेग आहेत, आणि आमच्या कंपन्यांत सहसा दुसरा पहिल्यापेक्षा जास्त असतो.

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने यावर नियम केलेला आहे आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या इथल्या कंपन्यांना तो माहीत आहे. डीसीबी ०१२९ आणि डीसीबी ०१६० अशी त्या दोन मानकांची नावे. पहिले सॉफ्टवेअर बनवणाऱ्यासाठी, दुसरे ते वापरात आणणाऱ्या संस्थेसाठी. दोघांकडेही वैद्यकीय सुरक्षेचा एक जबाबदार अधिकारी असावा लागतो, तो डॉक्टर किंवा परिचारिकेसारखा नोंदणीकृत आरोग्य-व्यावसायिकच असावा लागतो, आणि संभाव्य धोक्यांची लेखी नोंद त्याच्या संमतीशिवाय पूर्ण होत नाही. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. तिथेही कागद भरण्यापुरते काम करणारे असणारच. तरी १ जूनचे टिकेट अशा एखाद्या डॉक्टरच्या टेबलावर गेले असते, तर ‘अपवादात्मक’ हा शब्द तिथे टिकला नसता. त्याने अशा दोन बायका त्याच सकाळी बाह्यरुग्ण विभागात तपासलेल्या असत्या.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत अर्ध्या वाटेवर थांबलेला आहे. निदान आणि उपचारासाठीचे सॉफ्टवेअर १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि त्या आकड्याने कंपन्यांच्या बैठकांतली भाषा बदललेली मी पाहिली. पण नोंदणी, देयके, विमादावे, भेटींच्या वेळा हे सांभाळणारे रोजचे सॉफ्टवेअर ‘उपकरण’ म्हणून फारसे कोणी मोजत नाही, आणि माहिती चोरीला न जाता नुसतीच चुकीच्या माणसाच्या खात्यात गेली तर त्या चुकीची रुग्णाच्या अंगाने नोंद घेणारी जागा मला कुठे दिसत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक देऊन वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या नोंदी जोडण्याची योजना आहे. कल्पना चांगली आहे. १ जूनच्या गोंधळावर तो क्रमांक हा खरा उपाय ठरू शकतो. मात्र जोडणी जितकी दूरवर जाईल तितकी एका ठिकाणची चुकीची नोंदही दूरवर जाईल, आणि ती जिथे पोहोचेल तिथे आमचा तो जुना कारकून खिडकीवर बसलेला नसेल.

इंग्लंडसारखे मानक इथे यायला वर्षे लागतील. तोवर एक गोष्ट करता येण्यासारखी आहे आणि ती मंत्रालयापेक्षा महापालिका आणि न्यासांच्या रुग्णालयांच्या हातात आहे, कारण सॉफ्टवेअर विकत तेच घेतात. त्यांच्या निविदांमध्ये उशिरासाठी दर आठवड्याच्या दंडाचे कलम ठरलेले असते. रुग्णसुरक्षेच्या कारणावरून, रुग्णालयाने नेमलेल्या डॉक्टरच्या लेखी संमतीने झालेला उशीर या दंडातून वगळावा, आणि असा उशीर मागणाऱ्या कर्मचाऱ्याचे म्हणणे त्या डॉक्टरपर्यंत थेट पोहोचवण्याची सोय पुरवठादाराने ठेवावी, एवढी दोन वाक्ये त्या कलमाखाली घालता येतील. त्याला नवा कायदा लागत नाही, पुढच्या निविदेचा मसुदा करणाऱ्याने ती लिहिली तरी पुरते.